मॅडमचा स्वतःचा दावा

गाडी फोडून चोरी होते ती गबाळ्या माणसांची, असं मॅडमचं बावीस वर्षांचं ठाम मत होतं. मॅडम एका विमा कंपनीत मोटारींच्या दाव्यांची पाहणी करत. कुणाची गाडी ठोकली, कुणाची फुटली, की त्याचा कागद मॅडमच्या टेबलावर येई, आणि आलेल्या दहांतले सहा कागद तिथेच गतप्राण होत. शिंप्याला दुसऱ्याने शिवलेल्या सदऱ्यातली उसवण दिसावी तशी त्यांना दाव्यातली खोट दिसे. ऑफिसात पाठीमागे त्यांना ‘नामंजूर मॅडम’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

तर मंगळवारी सकाळी आठ वाजता मॅडम इमारतीखाली आल्या आणि स्वतःच्याच गाडीपुढे खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या. मागच्या दाराची काच फुटलेली. पुढे जिथे रेडिओ असतो तिथे चौकोनी भोक, आणि भोकातून चार रंगीत वायरी लोंबत होत्या. डिकीत बघितलं तर स्टेपनीही गेलेली.

दुसरं कुणी असतं तर आधी रडलं असतं. मॅडम आधी संतापल्या. चोरी झाली याचा राग होताच, पण आपल्याकडे झाली याचा जास्त होता. या इमारतीखाली अकरा गाड्या उभ्या असतात. त्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरच्या गाडीत तर कायम अर्धं घर पसरलेलं असतं. तिला चोराने बोट लावलं नाही आणि शिस्तीत उभी असलेली आपली गाडी फोडली, म्हणजे या माणसाला काही पद्धत आहे की नाही?

त्यांचे यजमान एका शाळेत चित्रकला शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर खाली आले, काच बघून “अरेरे” म्हणाले आणि लगेच कोपऱ्यातला झाडू घ्यायला वळले.

“हात लावायचा नाही,” मॅडम म्हणाल्या. “आधी फोटो.”

मग पुढचा दीड तास मॅडमनी जे केलं ते बघायला दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे थांबले. मास्तरांच्या पेटीतला खडू आणून त्यांनी फुटक्या काचांभोवती रेघ मारली. काचेच्या तुकड्यांशेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढले. प्रत्येक फोटोला क्रमांक दिला. पोलीस चौकीतला हवालदार पंचनाम्याला आला, तेव्हा त्याला पंचनाम्याचा मसुदा तयार मिळाला. त्याने स्वतःचे दोन शब्द घालायचा प्रयत्न केला, तर मॅडमनी त्यातला एक खोडायला लावला. जाताना हवालदार मास्तरांना हळूच विचारून गेला, की बाई वकील आहेत का.

एवढी खटपट रेडिओसाठी नव्हती. खटपट होती ती मास्तरांच्या धाकट्या भावासाठी, म्हणजे मॅडमच्या दिरासाठी. तीन वर्षांपूर्वी भाऊजींच्या गाडीतली बॅटरी चोरीला गेली होती. सख्ख्या दिराचा दावा आहे, दुसऱ्या कुणाला देऊ, असं ऑफिसातले साहेब म्हणाले. तर मॅडमनी तो मुद्दाम मागून घेतला, पक्षपात झाला असं कुणी म्हणायला नको म्हणून. दाराला ओरखडा नाही, बॉनेट उचकटल्याची खूण नाही. मॅडमनी शेरा मारला: गाडी उघडी ठेवण्याचा निष्काळजीपणा, दावा नामंजूर. दार नीट लावलं होतं असं भाऊजी गळा काढून सांगत राहिले. तेव्हापासून त्यांनी या घराचा जिना चढला नव्हता. भावाला भेटायला यायचे ते खाली गाडीत बसून हॉर्न वाजवायचे, आणि मास्तर सपाता घालून खाली जायचे. ऊन असो, पाऊस असो, दोघं भाऊ गाडीत बसून बोलायचे. मॅडम वरून खिडकीतून बघायच्या आणि स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवायच्या.

म्हणून त्या दिवशी संध्याकाळी हॉर्न वाजला तेव्हा मॅडम स्वतः खिडकीत गेल्या. भाऊजींनी मान वर करून विचारलं, “काय वहिनी, आता तुमचा दावा कोण तपासणार?”

“नियमाने तपासतील,” मॅडम म्हणाल्या. “एका शब्दाची रदबदली न करता पंधरा दिवसांत मंजूर होतो की नाही बघा. सरळ माणसाला नियमाची भीती नसते, भाऊजी.”

चार मजल्यांना ऐकू गेलं. मास्तरांना जरा ठसका लागला.

गुरुवारी पाहणीला जो आला तो मॅडमच्याच हाताखाली तयार झालेला होता. मॅडम त्याला शिष्य म्हणत, आणि पस्तिशी उलटून पोट सुटलं तरी तो त्यांच्यापुढे उभाच राही. आज त्याला गुरूच्या गाडीची तपासणी करायची होती. त्याचा चेहरा असा झाला होता, की जणू त्यालाच कुणीतरी फोडलंय. मॅडमनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बत्तीस पानांची फाइल दिली. पान पान निरखून बघ, म्हणाल्या, मला सवलत नको.

शिष्याने निरखून बघितलं. सहा फोटो झाले. सातव्याशी तो थांबला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि एकदम पाणी प्यायला.

काय झालं म्हणून मॅडमनी विचारलं. काही नाही, म्हणाला. मॅडमनी पुन्हा विचारलं. तेव्हा तो खाली बघून पुटपुटला, की काचा सगळ्या बाहेर पडलेल्या दिसताहेत.

“मग? फुटल्यावर काचा पडणारच.”

“बाहेरून फोडली तर आत पडतात, मॅडम. सीटवर. तुम्हीच शिकवलंत.”

झालं. मॅडमच्या अंगाची लाही लाही झाली. बावीस वर्षं त्यांनी लोकांना प्रश्न विचारले होते, त्यांना कुणी विचारला नव्हता. आणि ते किती झोंबतं याची त्यांना कल्पना नव्हती. त्या तावातावाने बोलू लागल्या. वारा असेल. चोर डावखुरा असेल. त्याने आधी पुढचं दार कशाने तरी उघडलं असेल आणि मग जाता जाता मागची काच खोडसाळपणे आतून फोडली असेल. आजकालच्या चोरांचं काही सांगता येतं का? शेवटी त्या म्हणाल्या, की चोर आला तेव्हा मी तिथे उभी होते का त्याला काच कशी फोडावी ते सांगायला?

एवढं बोलून त्यांनी पाठिंब्यासाठी मास्तरांकडे बघितलं. मास्तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. कॅलेंडर मागच्या महिन्याचं होतं.

तीस वर्षांच्या संसारात मॅडमनी मास्तरांची ही नजर एकदाच बघितली होती, लग्नात मिळालेलं घड्याळ हरवलं तेव्हा. त्यांच्या बोलण्याला जागच्या जागी ब्रेक लागला.

“अहो,” मॅडम म्हणाल्या. “इकडे बघा.”

मास्तर बघेनात. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सोमवारी शाळेतलं प्रदर्शन आटोपून मास्तर गाडी घेऊन आले, तेव्हा दोन्ही हातांत चित्रांच्या गुंडाळ्या होत्या. त्यांनी दार पायाने ढकललं आणि ते कुलूपबंद करायचं राहून गेलं. मंगळवारी सकाळी सहाला विसरलेला ब्रश आणायला खाली गेले, तर रेडिओ नाही, स्टेपनी नाही, आणि काचा? काचा चारी शाबूत. जेवताना रोज ऐकून ऐकून विम्याचे नियम त्यांना तोंडपाठ झाले होते. फोडल्याची खूण नाही तर दावा नाही. आणि धाकट्याच्या बाबतीत झालं तेच आता हिच्या बाबतीत होणार, तेही आपल्या वेंधळेपणाने. मग त्यांनी वरून हातोडी आणली, शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून तिला पंचा गुंडाळला, मागच्या सीटवर बसून दार ओढून घेतलं आणि एकच घाव घातला.

“आत बसून?” शिष्याने न राहवून विचारलं.

“बाहेर कुणी बघितलं असतं तर?” मास्तर म्हणाले. “आणि सीटवर काचा पडल्या असत्या, हिच्या साडीला लागल्या असत्या.”

नंतर ते वर येऊन पांघरूण घेऊन पडले आणि मॅडम खाली जायची वाट बघत राहिले.

गुरुभक्तीने शिष्याचं मन भरून आलं होतं. तो म्हणाला, की मी काही ऐकलेलं नाही, झाडताना काचा बाहेर सांडल्या असं लिहून टाकतो, कुणाचं लक्ष जाणार नाही.

मॅडम आत्तापर्यंत नवऱ्यावर भडकलेल्या होत्या, त्या आता शिष्यावर वळल्या. हे शिकवलं मी तुला? याच्यासाठी तुला उन्हातान्हात गॅरेजं दाखवत फिरवलं? त्यांनी त्याच्या हातातला अर्ज ओढला, स्वतःचं पेन काढलं आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं: गाडी उघडी होती. काच दावेदाराच्या पतीने आतून फोडली. दावा नामंजूर. खाली सही केली.

शिष्याने अर्ज परत घेतला, वाचला आणि फार वाईट वाटून म्हणाला, की मॅडम, स्वतःच्या दाव्यावर स्वतःचा शेरा चालत नाही.

पुढच्या बुधवारी मंजुरीचं पत्र आलं.

मॅडम ते पत्र मुठीत धरून ऑफिसात साहेबांकडे गेल्या. साहेब उठून उभे राहिले. तुमचा तो शेरा वाचला, म्हणाले, आणि आम्ही सगळे गलबलून गेलो. चोरीचा धक्का बसला की माणूस स्वतःलाच दोष देतो, मॅडम. चार दिवस रजा घ्या. मॅडमनी ओरडून सांगितलं, की धक्का बसलेला नाही, काच खरोखर नवऱ्याने फोडली आहे. साहेबांनी त्यांच्यासाठी लिंबूपाणी मागवलं.

पैसे बँकेत जमाही झाले. ते परत करायला मॅडम हिशेब खात्यात गेल्या, तर तिथल्या कारकुनाने सगळे खण उघडून बघितले. पैसे मागायचे अर्ज नऊ प्रकारचे होते. परत करायचा एकही नव्हता. आजवर कुणी आलंच नाही हो, तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मॅडम मास्तरांनाच घेऊन गेल्या. मास्तरांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं आणि मॅडमकडे वळून विचारलं, “काच यांनी फोडली याला साक्षीदार आहे का कुणी?”

साक्षीदार नव्हता. मास्तरांनी त्याची पुरेपूर काळजी घेतली होती.

“मग नवऱ्याच्या नुसत्या शब्दावर कसं धरणार, मॅडम? बायको चिडली की नवरे काहीही कबूल करतात. मीही करतो.”

मास्तर तिथूनच घरी गेले. मॅडम संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर घरी आल्या त्या पाय ओढत. त्या अगदी खरं बोलत होत्या आणि आयुष्यात प्रथमच त्यांचा दावा फेटाळला जात होता. आता भाऊजींना तरी सगळं सांगून टाकायचं, असं त्यांनी बसमध्ये ठरवलं. नियम दिराला लावला तसा स्वतःलाही लावला, ऑफिसने ऐकलं नाही हा माझा दोष नाही, एवढं त्यांच्या कानावर घालायचं. मग ते जिना चढोत की न चढोत.

दार उघडलं तर भाऊजी सोफ्यावर बसलेले. तीन वर्षांनी. चपला दाराशी, पाय पसरलेले, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू त्यांचीच मंजुरी आलीय.

“या वहिनी. मंजुरीचं कळलं. आणि ते काचेचंही कळलं, चौकीतला हवालदार माझ्या ओळखीचा आहे. काच तुम्हीच आतून फोडलीत, हे त्याने फोटो बघूनच ताडलं होतं. म्हणाला, बाई फार हुशार आहेत, आपण काही बोललो नाही.” भाऊजींनी टाळीसाठी हात पुढे केला. “मला वाटायचं तुम्ही लाकडाच्या आहात. तुम्ही तर आमच्यातल्याच निघालात.”

मॅडमनी तोंड उघडलं. सगळी वाक्यं ओठांवर तयार होती. तेवढ्यात त्यांचं मास्तरांकडे लक्ष गेलं. भाऊ घरात येऊन बसला म्हणून मास्तर चहाचा कप हातात घेऊन नुसतेच उभे होते. द्यायचं विसरले होते.

“आता तुम्हाला सांगायला हरकत नाही,” भाऊजी आवाज खाली आणून म्हणाले. “त्या बॅटरीच्या वेळी गाडी खरोखर उघडीच राहिली होती, वहिनी. तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के बरोबर होतं.”

तीन वर्षं ज्या एका वाक्यासाठी मॅडमनी भांडी आपटली होती ते हे वाक्य. त्यांना कडाडून भांडावंसं वाटलं, आणि बसून घ्यावंसंही वाटलं. त्या बसल्या.

“साखर एकच चमचा घेता ना, भाऊजी?” त्यांनी विचारलं.

“एकच,” भाऊजी म्हणाले, आणि खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला. “गेल्या आठवड्यात माझ्या गाडीचा आरसा गेला. एवढं जरा बघून द्या. काय फोडावं लागेल?”