मनीरामभाऊंचे कप्पे

मनीरामभाऊ दुकानात स्वतःच्या बायकोला ओळखत नसत. भांडण नव्हतं हो! तत्त्व होतं.

भंडाऱ्यात माझ्या शिलाईच्या दुकानाला लागूनच त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान. बाजारात स्टील नुकतंच येऊ लागलेलं, तेव्हाची गोष्ट. "डोक्यात कप्पे पाह्यजे," भाऊ म्हणायचे. "घरचं घरी, दुकानचं दुकानात. मिसळलं का मानूस पागल होते!" सुमनवहिनी झारा घ्यायला आल्या तरी हा गृहस्थ शांतपणे विचारणार, "बोला बाई, काय दाखवू?"

लेकीचं, मंदाचं लग्न ठरलं आणि वहिनींचा धीर सुटला. मला म्हणाल्या, "पोरगी सासरी चालली, अन् यायच्या डोयात टिपूस नाही. मंदा मले विचारते, बाबाले मी नकोशी झाली काय?"

मग भाऊंचे कप्पे फोडायचे उपचार सुरू झाले. शहापूरच्या एका मास्तरांकडून होमिओपॅथीच्या गोळ्या आणल्या. भाऊंनी त्या साखरेऐवजी चहात टाकल्या. टाळूवर ब्राह्मीचं तेल थापलं. कारध्याला पहाटे वैनगंगेत बुडी मारायला लावली, तर नुसती सर्दी झाली. शेवटी कुणीतरी सांगितलं, काशाच्या वाटीनं तळपाय घासा, मन मोकळं होतं. आता काशाची वाटी घ्यायची कुठून? वहिनी आल्या दुकानात.

"कोनासाठी पाह्यजे बाई?"

"माह्या नवऱ्यासाठी."

"काय तकलीफ हाये त्यायले?"

"बायको-पोरगी दिसत नाही."

"अरेरे! मंग जाड बुडाची घ्या."

मी शिलाई मशीनवर डोकं टेकून हसलो. वहिनी मात्र रोज रात्री इमानदारीनं घासत होत्या.

लग्नाच्या भांड्यांवर नाव टाकायचं काम भाऊ स्वतः करत. त्या दुपारी छिन्नीची ठकठक मधेच थांबली, म्हणून मी डोकावलो. पाणी भरायच्या मोठ्या गुंडावर 'चि. सौ. कां. मंदा' टाकायचं होतं. भाऊंनी टाकलं होतं नुसतं 'बेबी'. तिला घरात हाक मारायचे ते नाव. आणि गुंडाला मिठी मारून हा मोठा माणूस हमसून हमसून रडत होता.

मी धावत जाऊन मंदाला घेऊन आलो. तेवढ्यात एक गिऱ्हाईकही दारात येऊन उभं राहिलं. "भाऊ, बादली दाखवा."

भाऊंनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. "दुकान बंद हाये!" ते ओरडले. मग त्यांचं लक्ष गिऱ्हाइकामागे उभ्या मंदाकडे गेलं.

"ये वं बेबी," ते म्हणाले. "बस माह्यापाशी."