बुटांच्या खोक्यांची कमान

बुटांच्या दुकानदाराने धाकट्या मेहुण्याला दुकान सजवायला दिलं, ते केवळ बायकोच्या धाकाने. रस्त्यापलीकडे काचेचं चकचकीत दुकान उघडल्यापासून इथे गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, आणि हाही महिना कोरडा गेला तर दुकान बंद करायचं, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं.

मेहुण्याने ना सुतार बोलावला, ना रंगारी. बुटांची खोकी एकावर एक, जराशी तिरकी रचत त्याने दारासमोर छताला टेकणारी कमान उभी केली. पांढरी, तपकिरी, मध्येच एखादं लाल. वर सुतळीला कागदी पेले ओवून आत दिवे सोडले. काय देखणी दिसत होती म्हणून सांगू! आयुष्यात कशालाच चांगलं न म्हटलेला दुकानदार आ वासून बघत राहिला.

"तुला बिनकामाचा म्हणायचो ना, ते मागे घेतो," तो म्हणाला.

सकाळी दुकान माणसांनी भरलं. एका शिक्षिकेने सहा नंबरचे काळे बूट मागितले. दुकानदार मागच्या खोलीत गेला, तर फळ्या रिकाम्या. त्याने मेहुण्याला गाठलं.

"रिकामी खोकी डगमगतात, भाऊजी," मेहुणा शांतपणे म्हणाला. "म्हणून भरलेलीच लावली."

म्हणजे झाडून सगळा माल कमानीत. सहा नंबर डाव्या खांबात, खालून तिसरा.

शहाण्या माणसाने कमान उतरवली असती. पण या गृहस्थाचा जीव जडला होता तिच्यावर! त्याने सांगून टाकलं, सहा नंबर संपला. मग सात संपला, आठ संपला. लोक फोटो काढत, तोंड भरून कौतुक करत आणि हात हलवत परत जात. गल्ल्यावरची बायको शेवटी उठली.

"अहो, दुकान वाचवायचंय की कमान?"

"कमान," तो बोलून गेला.

बायकोने डाव्या खांबातलं तिसरं खोकं ओढलं. कमान धाडकन बसली. कुणाला लागलं नाही, पण दुकानभर बूटच बूट. फोटो काढत थांबलेल्या शिक्षिकेने तिथेच बसकण मारून एक जोड पायात घातला. तिचं बघून बाकीचेही बसले. हाताला येईल तो जोड घालून बघू लागले, एकमेकांना सुचवू लागले. इतकी विक्री मागच्या अख्ख्या महिन्यात झाली नव्हती. बायकोने भावाला जवळ घेतलं, तिला रडूच आलं.

दुकानदार मात्र दारात उभा राहून प्रत्येकाला हात जोडत होता.

"बूट खुशाल न्या हो. खोकं तेवढं ठेवून जा."