एकशे अडुसष्ट संबंध

आमच्या तळ्यात कोणी कोणाला खायचं, त्याचा आकडा दरवर्षी आमचं कार्यालय आधी ठरवतं आणि मग तळं तेवढंच खातं. तळ्यातल्या जीवांच्या जातींच्या संख्येला त्याच संख्येने गुणायचं आणि दहावा हिस्सा घ्यायचा. चाळीस जाती, म्हणजे कोण कोणाला खातो याचे एकशे साठ संबंध. संबंध कमी भरले तर तळं कार्यालयातून भरून घेतं. माझ्या आधीचे लिपिक पराते असेच गेले, चपलांसकट.

यंदा आकडा एकशे अडुसष्ट निघाला. तीनदा तपासला, मग मंजूर यादी काढली. मोजणीच्या दिवशी हजेरीची सही मी जातींच्या यादीतच केली होती. मी एक्केचाळिसावी जात झालो होतो.

"खोडून टाकतो, मॅडम."

"मंजूर यादीत खाडाखोड चालत नाही," कार्यालयप्रमुख निमगडे मॅडम म्हणाल्या. बाई वाईट नाहीत, त्यांनी मला चहा मागवला. "वाढलेले आठ संबंध तुमचे. शनिवारपर्यंत भरा."

तळ्यात जाळं टाकणाऱ्या पुस्तकलाबाई दिघोरे मदतीला धावल्या. आमच्या घरात कधी मासा शिजला नव्हता, पण जीव वाचवायचा होता. शिंगाडा, कमळाचा कंद, झिंगा, खेकडा, मरळ असे पाच झाले. मग पँट दुमडून पाण्यात उभा राहिलो. जळू आणि डास धरून सात. शनिवारी सकाळी पाणी कार्यालयाच्या दुसऱ्या पायरीवर आलं, तेव्हा मला रडूच कोसळलं.

"मरळ आपलीच पिल्लं खाते, थे संबंधात धरता ना तुमी?" पुस्तकलाबाईंनी विचारलं.

"धरतो."

"मंग तुमी तुमालेच खा ना जी. नखं हायत ना?"

मी अंगठ्याचं नख कुरतडून गिळलं. पाणी उतरलं. मॅडमनी आठवा संबंध नोंदवला आणि नियम वाचून दाखवला: नोंदलेला संबंध मार्चअखेरपर्यंत रोज चालू राहिला पाहिजे.

तेव्हा जून होता. आता ऑगस्ट आहे. पाणी रोज सकाळी पायरी चढतं आणि मी खाल्लं की उतरतं. हातापायांची नखं जुलैतच संपली.

काल पुस्तकलाबाई आल्या. माझा डावा हात उलटासुलटा करून पाहिला.

"हळद आणू का जी?"

"आणा," मी म्हणालो. "मार्चपर्यंत पुरेल एवढी."