भानूतात्यांचं आठ खुर्च्यांचं हॉटेल

एका आजारी बाईला मी ओरडून सांगितलं होतं, "तुमच्या दारातून पाहुणे उपाशी चाललेत!" तिला मी पाहिलंही नव्हतं, आमच्यात एक पडदा होता. त्या दिवसापासून ती जेवेनाशी झाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी तिच्या नवऱ्याच्या गमती सांगणार आहे आणि तुम्ही हसाल. मीही हसायचो.

नवरा म्हणजे भानूतात्या. मुंबईच्या एका पंचतारांकित हॉटेलात वर्षानुवर्षं आचारी होते. नव्वद सालाच्या आसपास सगळं सोडून गावाकडं आले आणि पळसदेवजवळ, हायवेवरून धरणाच्या पाण्याकडं जाणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या टोकाला हॉटेल काढलं. एकच टेबल, आठ खुर्च्या. पांढरं टेबलक्लॉथ, त्याला कोळशाच्या इस्त्रीची कडक घडी. तात्यांच्या डोक्यावर मुंबईहून आणलेली आचाऱ्याची उंच टोपी आणि खाली धोतर. इंदापूरची माणसं नुसती ती टोपी बघायला यायची. जेवायला थांबत नसत, कारण हायवेच्या ढाब्यावर चौघं पोटभर जेवतील एवढे पैसे तात्या एकाचे घ्यायचे.

आणि तेवढ्या पैशात ताट मिळत नसे. "ताट न्हाय, घास मिळंल," तात्या दारातच सांगायचे. आधी लहानशा वाटीत नुसता माशाचा रस्सा. तो संपला की काटे काढलेला चिलापीचा एक तुकडा. मग तळहाताएवढी भाकरी आणि तिच्यावर लोणी. मग चमचाभर भरीत, मग वाम मासा, सगळ्यात शेवटी दहीभात. प्रत्येक पदार्थ भल्यामोठ्या पांढऱ्या बशीत, मधोमध, एकटा. साखर कारखान्याच्या एका संचालकानं बशी उचलून खाली आणखी काही ठेवलंय का ते पाहिलं होतं. बारामतीच्या एका डॉक्टरनं चव न घेताच लिंबू पिळायला घेतलं, तर तात्यांनी त्याच्या हातातून लिंबू काढून घेतलं. "तुमी पेशंट न तपासताच सुई टोचता का, डाक्टर?"

दोन घासांच्या मध्ये तात्या पडद्याआड जायचे ते लवकर यायचेच नाहीत. आपण भिंतीकडं बघत बसायचं. कुणी कुरकुरलं तर आतून आवाज यायचा, "घाई आसंल तर हायवेला ढाबं लय हायती!"

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा वेगळाच. प्रत्येक बशी रिकामी झाली की ते बाहेर येऊन विचारायचे, "आवडलं का?" मान हलवून चालायचं नाही. "मोठ्यानं बोला. पोट भरतंय न्हवं?" आम्ही एका सुरात ओरडायचो, "झकास, तात्या!" मग ते समाधानानं आत जायचे. माणूस स्तुतीला हपापलेला आहे, असं आम्ही समजायचो. बारामतीतल्या माझ्या ठिबक सिंचनाच्या दुकानात मी त्यांची नक्कल करून दाखवायचो. गिऱ्हाईकं पोट धरून हसायची. त्यांच्या हॉटेलाला 'हप्त्याचं जेवण' हे नाव मीच दिलं आणि ते तालुकाभर झालं.

माझ्या मुलीची सोयरीक टेंभुर्णीला जमत आली होती. बघणं झालं होतं, पसंती कळली होती, बोलणी तेवढी राहिली होती. पाहुणे परत निघाले तेव्हा मी म्हटलं, वाटेत तुम्हाला मुंबईच्या तोडीचं जेवण घालतो. मला माझी ऐट दाखवायची होती, दुसरं काही नाही. मुलाचे वडील बापूराव म्हणजे आडदांड माणूस, वाढप्याला दमवणारा. रस्सा त्यांनी एका घोटात संपवला आणि बशीकडं बघत बसले. चिलापीचा तुकडा आला, तोही गेला. तात्या पडद्याआड गेले ते गेलेच.

"पाव्हणं," बापूराव मला म्हणाले, "पोरगी बी आसंच हप्त्यानं देणार का?"

सगळे हसले. मी पडद्याजवळ जाऊन म्हटलं, "तात्या, आज सगळं एकदम वाढा."

तात्या बाहेर आले. हातात चमचा होता. "तसं जमत न्हाय, शेठ. वाईच थांबा. आत एक घास चाललाय."

त्याचा अर्थ मी विचारला नाही. मी तसाच पडद्याच्या अलीकडच्या चुलीपाशी गेलो, पातेली उचलून आणली आणि भाकरी, भरीत, वाम, दहीभात सगळं एका बशीत कालवल्यासारखं बापूरावांपुढं ओतलं. त्यांनी एक घास घेतला, बशी बाजूला सारली आणि उठले. "चला रं. घरी जाऊन जेवू." बाकीचेही उठले. खुर्च्या सरकल्या.

तेव्हा आतल्या खोलीतून बाईचा आवाज आला, जड, अडखळत. "पावणं... उठलं का वं?"

आणि मी ते वाक्य ओरडलो. तात्यांकडं बघत ओरडलो, पण उत्तर त्या आवाजालाच दिलं. तात्यांनी हातातला चमचा टेबलावर ठेवला.

लग्न ठरलं, झालंही. बापूरावांनी मांडवात तो किस्सा रंगवून सांगितला, मीही हसलो. त्यानंतर एकदा तात्यांना मासे पुरवणारा मारुती कोळी पाइप घ्यायला दुकानात आला. पाइपचं माप सांगायच्या आधीच म्हणाला, "शेठ, वैनीला काय बोललात तुमी?"

त्याच्याकडून कळलं ते असं. वहिनींना अर्धांगवायू झाला होता. एक बाजू गेली होती आणि बरंचसं भानही. जन्मभर त्या बाईनं पाहुणे जेवल्याशिवाय घास घेतला नव्हता. आजारात बाकी सगळं विसरली, तेवढंच धरून बसली. "पावणं जेवलं का?" विचारायची आणि घरात पाहुणेच नाहीत म्हटल्यावर तोंड उघडायची नाही. डॉक्टर नाकातून नळी घालायचं म्हणाले. म्हणून तात्यांनी मुंबई सोडली आणि रोज पाहुणे येतील अशी सोय केली.

"तुमी भाईर झकास म्हणलं की ती आत एक घास घ्यायची," मारुती म्हणाला. "मऊ, बिनतिखटाचा. तेच कालवण, तिच्यापुरतं येगळं काढल्यालं. त्यो घास तिनं गिळला की मग तुमची पुढची बशी."

"आणि आता?"

"आता म्हणती, माझ्या दारातनं पावणं उपाशी गेलं, मी कुठल्या तोंडानं जेवू. तात्या रोज नवी माणसं बसवतोय. ती झकास म्हणत्यात. हिचा इस्वासच बसंना."

तरी मी लगेच गेलो नाही. आज सीझन आहे, उद्या वसुली आहे, अशी कारणं काढली. गेलो तेव्हा फार उशीर झाला होता. चार चमचे पेजेवर ती तगून होती आणि पुढच्या थंडीत गेली. पण मी गेलो त्या दुपारी ती होती.

टेबलावर कापड नव्हतं. तात्या ओट्यावर बसले होते, डोक्यावर टोपी नव्हती. मी त्यांच्या पायाशी वाकलो, तर त्यांनी पाय मागं घेतले.

"माझी माफी मागून काय हुनार, शेठ? मी जेवतोय की."

मग उठून त्यांनी पडदा धरला.

आत खाटेवर ती होती, एवढीशी. परका माणूस दिसल्यावर तिनं चालत्या हातानं पदर डोक्यावर ओढायचा प्रयत्न केला. तो पोचेना. तात्यांनी ओढून दिला. मी खाली जमिनीवर बसलो.

"वहिनी," मी म्हटलं, "त्या दिवशी बाहेरून ओरडला तो मी. तुमच्या अन्नात काही कमी नव्हतं. तात्यांनी प्रेमानं वाढलं होतं. माझ्या माणसांना धीर नव्हता आणि मला माज होता. मी माझ्या हातानं त्यांचं जेवण नासवलं आणि बोल तुमच्या घराला लावला. मी खोटं बोललो, वहिनी. मला माफ करा."