पलूस मुक्कामी चिमुकल्या मदरबोर्डाची पारख जाहली ती हकीकत

श्री॥ पलूस मुक्कामी एक अतिलहान मदरबोर्ड दाखल जाहला, त्याची पारख कोणी, कैसी व कोणे कारणे केली, आणि अखेरीस यश कोणाचे पदरी पडले, याविषयी चहाच्या टपरीवर नाना मुखे नाना वार्ता उठतात. सबब घडले वर्तमान जैसे घडले तैसे, पदरचे तिखटमीठ न लाविता, येथे नमूद करितो.

सुभेदार नाथाजी यांची थोरली कन्या संयोगिता. सुभेदारी खरीच, फौजेतून पेन्शनीसह लाभलेली. बाकी मुलूख म्हणावा तर ओढ्याकाठचा उसाचा तुकडा. संयोगिताबाईंचा हुन्नर म्हणजे कुस्तीची मैदाने क्यामेऱ्यात धरोन यूट्यूबावर थेट दाखविणे. त्याकामी पदरी एक जुना कॉम्प्युटर होता, तो देहाने गजासारखा आणि धीराने सशासारखा. गतवर्षी कोयनानगरच्या वाटेवरील एका जत्रेस त्यास दुचाकीवर दोरखंडाने जखडोन नेले, आणि घाटाच्या वळणावळणांनी त्याची आतडी ढिली जाहली, आणि मग शेवटली जोड भिडते न भिडते तोच खोका थिजला. दोन जिल्ह्यांतील कुस्तीषौकी पडद्यावर गरगरणारे चक्र मोठ्या भक्तीने पाहात राहिले. जत्रेचे मुख्य कारभारी नानासो यांणी तेच जागी फर्माविले की, पुन्हा ऐसे जाहलिया प्रक्षेपणाचा मान दुसऱ्यास दिला जाईल.

यंदा मामला अधिक नाजूक. त्याच जत्रेत बाईंचे धाकटे बंधू वीरधवल यांची जोड खंडाळ्याच्या सूरज पैलवानाशी नेमिली होती, आणि सुभेदार तर बांधावरून घसरोन, मांडीचे हाड मोडोन बाजेवर जायबंदी. ज्या पुरुषाने बर्फातील ठाणी राखिली त्यास उसाच्या पाचटाने पाडिले. लेकाची पहिली मोठी कुस्ती, आणि बापाने ती पाहावयाची तर टीव्हीवरच. हे ध्यानी आणोन संयोगिताबाईंनी सांगलीच्या एका सौदागराकडून, न पटलिया माघारी घेण्याचे बोलीवर, तो मदरबोर्ड आणविला.

पेटी फोडिली तो आत नाश्त्याच्या ताटलीएवढा चौकोन. सुभेदारांणी चष्मा पुसोन न्याहाळिले.

"ह्यो बोर्ड हाय व्हय? का नुसता नमुना धाडलाय?"

"आबा, काम समदं करतोय. जागा तेवढी कमी खातोय."

"फौजेत असली लय बघितली. जागा कमी खाणारा काम बी कमीच करतोय," ऐसा निवाडा देवोन सुभेदार कुशीवर वळले.

मग मोहीम सुरू जाहली. बुटाच्या खोक्याएवढ्या डब्यात बोर्ड बसविला, आणि प्रोसेसरावर पंखा चढविला, तो पंख्याचा बुरूज इतका उंच की झाकण लागेना. जाहिरातीत सोयी भरपूर म्हणोन लिहिले होते. सोयी भरपूर होत्याच, त्या वापरण्यास जागा तेवढी नव्हती. जादा कार्डास खाच एकच, ती क्यामेऱ्याचे चित्र घेणाऱ्या कार्डास बहाल केली. बुटका पंखा आणविला, आणि तारा कोंबिल्या, आणि एक स्क्रू बोर्डाखाली फितूर होवोन दडला, त्यास डबा उलटा करोन, हलवोन बाहेर काढिले. मग बटण दाबिले. दिवे लागले, पंखा फिरला, पडदा मात्र काळाठिक्कर. मेमरीची पट्टी उपसोन पुन्हा कट्ट आवाज येईतो दाबिली, तेव्हा कोठे पडदा उजळला.

त्यावर जुनी मैदाने चालवोन जोर पाहिला, तो डबा तापोन चहाच्या आधणास लाजवू लागला, आणि चित्र अडखळो लागले. वीरधवल पैलवान तालमीतून येवोन, बदाम चावीत, मसलत देते जाहले.

"आक्के, परत दिऊन टाक. जुनाच न्हिऊ. दोरी जरा जास्त बांधू."

बाईंनी डब्याभोवती तळहात फिरवोन पाहिला, तो उष्ण वारा आतच कोंडला होता. झाकण देखणे, काळेभोर, आणि त्यास एकही भोक नाही. ज्या कारागिराने ते घडविले त्यास नजरेची हौस होती, हवेची नव्हती. बाईंनी झाकण काढोन ग्रील करणाऱ्याकडे नेले, पंख्यासमोर भोके पाडोन घेतली, आणि वर जाळी ठोकिली. रूप गेले, ताप उतरला. मग डबा पाठीवरील पिशवीत घालोन, ऊसगाड्यांनी नांगरलेल्या रस्त्यावर दुचाकी मुद्दाम खड्ड्याखड्ड्यांतून हाकिली. बाईंचे मणके ढिले जाहले. बोर्ड घरी येवोन पहिल्या बटणास उठला. मग सौदागरास निरोप गेला की, माल ठेविला.

जत्रेचे दिवशी नानासो कमरेवर हात देवोन बाईंचे पाठीशी उभे, जणो खोका थिजण्याचीच वाट पाहात. हलगी कडाडली. वीरधवलांणी मांडीवर थाप मारोन चाल केली, आणि सूरजने त्यांचे हात धरोन ऐसा झटका दिला की, हलगीवाल्याची काठी वर होती ती खाली येईतो आमचे पैलवान चितपट. संयोगिताबाईंचे काळीज हलले, हात हलला नाही. चित्र तर इतके निर्मळ की पाठीस लागलेली लाल माती पलुसात कणाकणाने दिसली, आणि मग तेच पुन्हा संथ गतीने दाखविले. नानासोंनी मिशीवर हात फिरविला आणि पुढील वर्षीचा मान तेथेच कायम केला.

संध्याकाळी वीरधवल घरी आले, ते मान खाली घालोन. डबा जोडिलेल्या टीव्हीवर त्यांचाच पराभव चालू.

"आक्के, हजार येळा हँग हुतंय तुजं मशीन. आजच नेमकं चालायचं हुतं?"

संयोगिताबाईंना हसू आले आणि डोळेही भरले. सुभेदारांणी लेकास बाजेवर बसविले, आणि पडद्याकडे बोट केले.

"हितं थांबीव. बघ, डावा पाय. भार आधीच टाकलास. पाठ टेकली तवा न्हाई, हितंच हारलास गड्या. आता परत लाव गं."

आणि मग बाप, लेक व कन्या, तिघे तो पाय पाहात बसले. आणि डबा एकदाही अडखळला नाही.

येणेप्रमाणे पारख पुरी जाहली. बोर्ड पसंत, झाकण नापसंत. फत्ते संयोगिताबाईंची, शिकस्त वीरधवलांची, आणि दोहोंचा पुरावा एकाच चित्रात. कोणास शंका असलिया पाहोन घ्यावे. लेखनसीमा.