पहिल्या रांगेतलं पाखरू

"पाखरू म्हणजे काय? पाखरू म्हणजे श्रोता!" मुरलीधररावांनी शिऱ्याचा चमचा हवेत धरून जाहीर केलं. "आणि श्रोता रिकाम्या सतरंजीवर कधी बसत नाही. आधी चार जण बसवावे लागतात. मग बघा, बसायला जागा उरत नाही!"

हे ते अधिकाराने बोलत होते. पुण्यात त्यांनी तीस वर्षं कीर्तनांची व्यवस्था बघितली होती. बुवा उभे राहण्याआधी ओळखीतली चार भारदस्त माणसं पहिल्या रांगेत बसवायची आणि त्यांना डोलायला सांगायचं, की मागून अख्खी आळी लोटायची. त्या चौघांतला एक तर ठार बहिरा होता, पण डोलायचा असा की बुवांनाच गहिवरून यायचं!

आता ते आखातात, अल कुसैसला मुलाकडे, वेदांगच्या व्हिलात राहत होते. मागच्या अंगणात नात मिहिकाने शाळेसाठी केलेलं सहा खोल्यांचं लाकडी पक्षीघर उंच लोखंडी खांबावर उभं होतं. दोन महिने झाले, सहाही खोल्या रिकाम्या! समोरच्या कठड्यावरचा भात टिपायला चिमण्या रोज यायच्या, पण पक्षीघराकडे ढुंकून बघायच्या नाहीत.

त्यात मुरलीधररावांचा मेहुणा सुरेश. तो टेक्सासला. त्याच्या अंगणातल्या पक्षीघरात जांभळे मार्टिन नावाचे पक्षी दर वर्षी येऊन राहतात. त्याने फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला : 'खांबावर लाकडी डिकॉय, म्हणजे खोटे पक्षी बसवले, पंधरा दिवसांत कॉलनी फुल्ल! तुमच्याकडे काय?'

ते 'तुमच्याकडे काय' मुरलीधररावांना असं लागलं की त्यांनी त्याच मिनिटाला अल क्वोजच्या हम्मादला फोन लावला. वेदांगची कपाटं त्यानेच केली होती.

"हम्मादभाई, लकड़ी की चार चिड़िया बनानी हैं."

"साइज़ बोलो, चाचा."

"अरे, साइज़ क्या! यही, एक बित्ता!"

घोटाळा झाला तो इथेच. मुरलीधररावांची वीत म्हणजे बाळंतविड्यातल्या झबल्याएवढी. हम्मादचा पंजा असा की त्याने जेवणाच्या ताटावर हात ठेवला तर ताट दिसेनासं व्हावं!

शनिवारी सकाळी हम्माद स्वतः शिडी घेऊन आला. चारही पाखरं खांबावर चढवली, खटाखट बोल्ट पिळले, बोल्टांवर वरून वेल्डिंगसुद्धा मारलं. खाली उतरून कौतुकाने म्हणाला, "बॉडी आपके हिसाब से एक बित्ता, चाचा. पंख मैंने अपनी तरफ़ से दिए. तूफ़ान आए, विला उड़ जाए, चिड़िया नहीं हिलेगी!"

मुरलीधररावांनी वर बघितलं. काळे कुळकुळीत चार राक्षस पंख पसरून, चोच वासून खाली बघत होते.

"आजोबा," मिहिका म्हणाली, "दीज आर ईगल्स."

"चिमण्याच आहेत त्या! जरा खात्यापित्या घरच्या आहेत, एवढंच!"

अंगणातून एकदम भुर्रकन आवाज झाला आणि नंतर चिवचिव म्हणून ऐकू आली नाही.

गर्दी जमली, नाही असं नाही. पण माणसांची! पार्सलवाला बाइक थांबवून फोटो काढून गेला. एक पांढरी लँड क्रूझर थांबली, काच खाली झाली. "हबीबी, फाल्कन? हाऊ मच?"

"नॉट फॉर सेल!" मुरलीधरराव ओरडले. "धिस इज स्पॅरो!"

गाडीवाल्याने एकदा त्यांच्याकडे, एकदा स्पॅरोकडे बघितलं आणि काच वर केली.

खरं संकट बाराला उभं राहिलं. मुरलीधररावांच्या पत्नी मनोरमाबाई, त्यांचा एक नेम होता. एका कीर्तनात ऐकून त्यांनी तो घेतला होता, त्याला एकोणीस वर्षं झाली होती : आधी मुक्या जिवाच्या मुखात घास, मग आपल्या. कठड्यावरचा भात पाखरांनी टिपल्याशिवाय त्या जेवत नसत. आणि जेवल्याशिवाय मधुमेहाची गोळी घेता येत नसे.

साडेबारा झाले. एक झाला. भात जागचा हलला नाही. मनोरमाबाई माळ घेऊन बसल्या होत्या.

"अगं, आजच्या दिवस जेव. गोळी राहिलीय."

मनोरमाबाईंनी एक मणी पुढे ओढला. त्या मण्याचा आवाज मुरलीधररावांना थेट कानशिलात ऐकू आला.

त्यांनी हम्मादला फोन लावला. "निकालो! अभी के अभी निकालो!"

"यल्ला चाचा, थर्सडे को आता हूँ. इन्शाल्ला."

"आज शनिवार है!"

"इसीलिए बोला, थर्सडे."

मुरलीधरराव पाना घेऊन घरातल्या शिडीवर चढले. वेल्डिंगने पान्याला दाद दिली नाही. मग त्यांनी चार उशांचे अभ्रे आणले आणि राक्षसांच्या डोक्यांवर ओढून दोरीने बांधले. वारा आला, अभ्रे फुगले. आता खांबावर चार जण तोंड झाकून ओळीने लटकवल्यासारखे दिसायला लागले.

कुंपणापलीकडून शेजारच्या शहनाझचा दबका आवाज आला, "अंकल, सब ख़ैरियत? ये चार लोग कौन हैं?"

"पाखरं हैं!" मुरलीधरराव हात जोडून म्हणाले. "बेटी, तुम जाओ!"

अडीच वाजले. मनोरमाबाईंचा चेहरा उतरला होता. ते बघितल्यावर मुरलीधररावांचं डोकं चालेनासं झालं. म्हणजे त्यांना युक्ती सुचली.

ते मागच्या दाराने बाहेर पडले, बोगनवेलीआड उकिडवे बसले आणि कठड्यावरचा भात खायला लागले. तोही मोठ्या कसबाने. पाखरं काही चाटूनपुसून खात नाहीत, म्हणून चार शितं इकडची, चार तिकडची, मध्येच थोडी सांडलेली. भात उन्हाने वाळून खडखडीत झाला होता आणि एका घासात मुंग्या होत्या. तरी ते टिपत राहिले.

"आजी! कम फास्ट!" खिडकीतून मिहिका किंचाळली. "बर्ड आला! इट्स आजोबा!"

मनोरमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मुरलीधररावांच्या मिशीला दोन शितं चिकटली होती.

"नेमाशी लबाडी करताय?"

"लबाडी नाही गं," मुरलीधरराव काकुळतीला आले. "आयुष्यभर कीर्तनात ऐकतोय, सगळ्यांच्या पोटात एकच नारायण. म्हटलं, आज माझ्या पोटातल्याला पोचेल. तुझी गोळी राहिलीय गं..."

मनोरमाबाईंनी त्यांच्या पोटाकडे बघितलं. "तिथे नारायणाला जागा उरलीय कुठे!" म्हणताना त्यांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. मग त्या आत वळल्या आणि त्यांनी दोन पानं घेतली.

गोळी घेऊन झाल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "चालवून घेतलं. पण नेम मुक्या जिवाचा आहे. थर्सडेपर्यंत पाखरांच्या जागी तुम्ही. रोज बाराला कठड्याशी बसायचं, आणि घास संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही!"

तीस वर्षं ज्यांनी नुसत्या डोळ्यांच्या धाकाने श्रोते गप्प बसवले, ते मुरलीधरराव रविवारपासून कठड्याशी मुकाट बसून भात टिपू लागले. शहनाझ कुंपणावरून बघायची. विचारायचं मात्र तिने सोडून दिलं होतं.

बुधवारी वाऱ्याने अभ्रे उडाले. बाराच्या सुमाराला फांदीवर चिवचिव झाली. एक चिमणी आली आणि थेट सगळ्यात मोठ्या राक्षसाच्या डोक्यावर बसली! मग दुसरी. तिसरी तर त्याच्या वासलेल्या चोचीत शिरून बाहेर आली आणि खाली पहिल्या खोलीत डोकावली!

मुरलीधररावांचा ऊर भरून आला. पहिली रांग लागू पडली होती! ओरडून सगळ्या अल कुसैसला सांगावं असं त्यांना वाटलं, पण तोंडात घास होता आणि शब्दाला बंदी. ते जागच्या जागी बसून नुसते डोलायला लागले.

त्यासरशी सगळ्या चिमण्या भुर्रकन उडाल्या आणि शहनाझच्या गच्चीवर जाऊन बसल्या.

स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"अहो, तुम्ही आत या बघू आधी!" मनोरमाबाई म्हणाल्या. "तुम्हाला भिऊन पाखरं उतरत नाहीयेत!"