न विचारणारा प्रोग्राम

आमच्या शेजारच्या वासुदेवकाकाजींना "काय चाललंय?" असं चुकूनही विचारू नका. ते हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवतात आणि मलाही बजावतात, "विचारायचं नाही, सर. झालं की कळते." वाण्याकडेही ते साखर आहे का असं विचारत नाहीत, त्यानं आपणहून सांगावं म्हणून नुसते उभे राहतात. मागे रांग लागते, ती वेगळी.

काकाजी खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाले आणि मोबाईलवर व्हिडिओ पाहून प्रोग्रामिंग शिकले. त्याला कारण घडलं. निर्मलाकाकू न्हाणीत घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण काकाजींनी धसका घेतला. दर दहा मिनिटांनी बैठकीतून हाक: "बरी आहेस ना वं?" काकू आधी हसल्या, मग ओ द्यायच्या थांबल्या, आणि एक दिवस त्यांनी बॅगच भरायला घेतली.

"आता एकडाव जरी विचारलं, तर मी अकोल्याले पोरीकडे राहाले जातो."

काकू बोलतात ते करतात. म्हणून काकाजींनी दारांना, न्हाणीला, कपाटांना सेन्सर लावायचं ठरवलं, आणि त्या सगळ्यांवर लक्ष ठेवायला मागे गुपचूप चालणारा एक प्रोग्राम. अशा प्रोग्रामला डिमन म्हणतात, हे त्यांनी गल्लीत अभिमानानं सांगितलं. संध्याकाळपर्यंत काकाजींनी घरात भूत बसवल्याची बोंब झाली आणि समोरच्या बाई अंगारा घेऊन आल्या.

हा डिमन कोणत्या फ्रेमवर्कवर, म्हणजे कोणत्या तयार सांगाड्यावर उभारायचा, यावरून त्यांनी चार महिने माझं डोकं खाल्लं. मी गणिताचा मास्तर, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पहिला सांगाडा दर सेकंदाला सेन्सरला विचारायचा, दार उघडलं का, उघडलं का. चार दिवसांत सेन्सर बंद.

"विचारून विचारून त्याची बॅटरी उतरली," काकाजी म्हणाले.

"माही बी," काकू आतून बोलल्या.

दुसऱ्या दिवशी काकाजींनी काहीच न विचारणारा सांगाडा निवडला. तो निवांत बसतो. दार उघडलं की सेन्सरच त्याला कळवतो आणि काकाजींच्या मोबाईलवर निरोप येतो. याला म्हणे इव्हेंटवर चालणं म्हणतात. "झालं की कळते" हे तेव्हापासूनचं.

खोट एकच. घरात काही घडलं नाही, तर निरोपही नाही. परवा काकाजी माझ्याबरोबर बाजारात आले होते. अर्धा तास मोबाईल मुका. माणसाचा चेहरा पार उतरला. फोन करून विचारायची सोय नव्हती, अकोला डोळ्यांपुढे होतं. तेवढ्यात निरोप आला: डाळीचं कपाट उघडलं. काकाजींनी श्वास सोडला आणि वांगी निवडायला घेतली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच कपाट. परत येईपर्यंत सहा वेळा.

घरी आल्यावर ते हातपाय धुवायला गेले. गॅसवर नुसती मेथी होती. मी काकूंना म्हटलं, सहा वेळा काढलेली डाळ गेली कुठं?

काकूंनी आवाज खाली आणला. "डाळ नाही लागत, सर. बजारात त्यायचा जीव टांगणीले लागते. मंग मी जातो, कपाट उघडतो अन् लावतो." न्हाणीतलं पाणी थांबलं, तशा त्या घाईनं म्हणाल्या, "त्यायले सांगू नोका."